लिस्बनमधला सोमवार

आमच्या घरी सोमवारी मासळी शिजत नाही. घर वसईत, पाचूबंदर हाकेच्या अंतरावर, कोळीण दारात टोपली उतरवून उभी, तरी सोमवारी आई आतूनच हात हलवते आणि कोळीणही न रागावता पुढच्या आळीत जाते. शंकराचा वार. आजीपासून चालत आलंय, का म्हणून कुणी विचारलं नाही. बाहेरगावी असले तरी मीही पाळते. त्यात श्रद्धा किती आणि सवय किती, हे मला सांगता येणार नाही.

लिस्बनमधलं काम रविवारी संध्याकाळी आटोपलं आणि परतीचं विमान मंगळवारी दुपारचं होतं. मधला अख्खा दिवस माझा. आनंदाने फोनमध्ये वार बघितला तर सोमवार. माशांवर जीव टाकणाऱ्या गावात एकच मोकळा दिवस मिळावा आणि तो नेमका सोमवार निघावा! म्हटलं, खाण्याचं उद्या बघू. आधी बेलेंला, म्हणजे गावाच्या पश्चिमेकडच्या नदीकाठच्या भागात, जाऊन वास्को द गामाची कबर बघायची. वसईच्या माणसाला ते कर्तव्यच आहे असं माझं आपलं मत. १५३४ ते १७३९, अशी दोनशे पाच वर्षं पोर्तुगीज आमच्या किल्ल्यात ठाण मांडून होते. ज्याने त्यांना वाट दाखवली त्याला एकदा बघून यायला नको?

सकाळी साडेसातला हॉटेलच्या कोपऱ्यावरच्या पास्तेलारियात शिरले. इथे कोपऱ्याकोपऱ्यावर पास्तेलारिया असते. आपल्या इराण्याच्या हॉटेलासारखी म्हणावी, तर इथे कुणाला बसायलाच वेळ नाही. लोक येतात, काउंटरवर कोपर टेकवतात, ‘बिका’ म्हणतात, दोन घोटांत इवलासा कप संपवतात, नाणं ठेवून चालू लागतात. बिका म्हणजे एस्प्रेसो, पण हा शब्द खास लिस्बनचा. उभ्याने प्यायलात तर साधारण एक युरो. टेबल अडवून बसलात, तर बऱ्याच ठिकाणी भाव चढतो. मीही कोपर टेकवलं. समोरच्या काचेच्या कपाटात तळणीचे पदार्थ, आणि एका ताटलीपुढे पाटी : ‘चमुसा’. आपला समोसाच, थोडा चपटा. गोवा आणि मोझांबिकमधून आलेल्या माणसांबरोबर तो इथे आला आणि आता इथलाच झालाय. आत काय आहे, असं खुणेने विचारलं, तर काउंटरवरच्या बाईंनी दोन बोटं शिंगांसारखी डोक्याला लावून दाखवली. राहू दे म्हटलं. ‘ओब्रिगादा’ एवढं मात्र म्हणून आले. बाईने ‘ओब्रिगादा’ म्हणायचं आणि पुरुषाने ‘ओब्रिगादो’. चार दिवसांत तेवढी एक गोष्ट मला पक्की जमली होती.

मेट्रोच्या यंत्रातून अर्ध्या युरोचं कोरं कार्ड घेतलं आणि त्यावर चोवीस तासांचा पास भरला. सातेक युरो लागले. मेट्रो, बस, ट्राम, सगळं त्यात येतं. मार्तिम मोनिझच्या चौकात २८ नंबरच्या सुप्रसिद्ध पिवळ्या ट्रामसाठी आठच्या आधीच शेपटासारखी रांग लागली होती. ट्राम गोड आहे, जुन्या लाकडी बांध्याची, चढावर कुरकुरणारी. पण विरार लोकलमध्ये वाढलेल्या माणसाने गर्दीच्या गाडीत लोंबकळायला युरोपात येऊन तासभर रांग लावायची, हे माझ्या बुद्धीला पटेना. हिरव्या मेट्रोने काइश दु सोद्रे गाठलं आणि तिथून १५ नंबरची ट्राम. डाव्या हाताला तेजू नदी, नदी कसली, खाडीच म्हणा, वसईच्या खाडीहून कितीतरी रुंद. वर लाल झुलता पूल. तो १९६६ साली बांधला तेव्हा त्याला हुकूमशहा सालाझारचं नाव दिलं होतं. १९७४च्या २५ एप्रिलला क्रांती झाली आणि पुलाचं नाव तीच तारीख झाली. पुलाखालून जाताना वरच्या गाड्यांची मोठ्या मधमाश्यांच्या पोळ्यासारखी घूं घूं ऐकू येते.

बेलेंला उतरले. जेरोनिमोस मठापुढे नवलाची शांतता. मला वाटलं, आपण लवकर आलो. हुशारीच केली. जवळ जाऊन पाटी वाचली : सोमवारी बंद.

मठ बंद, चर्चचं दारही बंद. आत वास्को आणि त्याच्या सफरीवर महाकाव्य लिहिणारा कामोंईश समोरासमोर झोपलेले, आणि मी बाहेर. दोष कुणाला देणार? फोनवर एकदा बघितलं असतं तर कळलं असतं. माझ्यासारखी आणखी दहा-बारा माणसं पाटीपुढे उभी होती. प्रत्येक नवा माणूस पाटी वाचून मग दाराला हात लावून बघत होता. मीही लावला. वास्कोची तरी काय तऱ्हा, १५२४ साली तो वारला आपल्या कोचीला, पुरलाही तिथेच. मग पोर्तुगालात नेला आणि या मठात आणला तो थेट १८८० साली. एवढा फिरलेला माणूस, आणि नेमका आज घरात.

दक्षिणेकडचं दार बाहेरूनच बघायचं असतं, ते मनसोक्त बघितलं. फिकट दगडावर इतकं बारीक कोरीव काम आहे की दगड आहे हे विसरायला होतं. त्यात दोरखंड आहेत, पानं आहेत, संत आहेत. १५०१च्या सुमारास काम सुरू झालं आणि पैसा आला पूर्वेच्या व्यापारावरच्या करातून, म्हणजे मिरी-दालचिनीतून. आपल्याकडची मिरी अशी दगडात उभी राहिलेली मी पहिल्यांदा बघितली.

तिथून पाच मिनिटांवर ‘पास्तेइश द बेलें’. हे दुकान सोमवारीही उघडं असतं, देवाची कृपा. बाहेर निळं कापडी छत, आत खोल्यांमागून खोल्या आणि भिंतींवर निळ्या-पांढऱ्या फरशा. मठांमध्ये कपड्यांना खळ घालायला अंड्यातला पांढरा भाग वापरत आणि उरलेल्या पिवळ्याचं काय करायचं म्हणून गोडाधोडाचे पदार्थ निघाले, असं सांगतात. १८३४ साली सरकारने मठ बंद केले आणि १८३७पासून या दुकानात ही पास्तेल, म्हणजे अंड्याच्या सारणाची छोटी गोल पेस्ट्री, विकायला लागली. कृती आजही गुप्त आहे. बाकी गावभर मिळते ती ‘पास्तेल द नाता’, आणि तीही झकास असते.

प्रश्न होता अंड्याचा. सोमवारी अंडं चालतं की नाही, यावर आमच्या घरात एकवाक्यता नाही. आईच्या मते नाही. बाबांच्या मते केकमधलं चालतं, कारण ते दिसत नाही. मी बाबांची बाजू घेतली. दोन घेतल्या. हाताला कढत, वाटीएवढा गोल, वर मधे मधे जळके काळे डाग. पहिला चावा घेतला तर पापुद्रा चिरोट्यासारखा कुर्रकन फुटला आणि चुरा ओढणीभर. आतलं सारण अजून थरथरत होतं, गोड पण बेताचं. टेबलावर दालचिनीच्या आणि पिठीसाखरेच्या डब्या असतात. आधी दालचिनी भुरभुरवायची, मग साखर. दुसरी मी दालचिनी जास्त घालून खाल्ली. मठाचं दार बंद होतं, पण ज्या मसाल्यावर तो उभा राहिला तो डबीत होता.

नदीकाठी पाद्रांव दुस देस्कोब्रिमेंतोस, म्हणजे दर्यावर्दींचं स्मारक. जहाजाच्या नाळेसारखं उंच, पांढरं, आणि त्यावर चढत जाणारे ३३ दगडी पुतळे. सकाळच्या उन्हात पूर्वेकडची रांग उजळली होती, आणि आपली बरीचशी मंडळी त्याच बाजूला. वास्को तिथे बाहेरच भेटला, दाराबिराची भानगड नाही. त्याच्या मागे बऱ्याच अंतरावर गोवा घेणारा आफोंसो द आल्बुकर्क, आणि जुन्या गोव्यात ज्याचं शव जपलंय तो फ्रान्सिस झेवियर. आफोंसोच्या नावावरून आंब्याला हापूस नाव पडलं, असं सांगतात. वसईत त्या वेळी शेवटच्या हापूसच्या पेट्या संपत आल्या असणार, या विचाराने जीव जरा हळहळला. हे स्मारक आधी १९४०च्या एका प्रदर्शनासाठी तात्पुरतं उभारलं होतं. सालाझारने ते १९६० साली काँक्रीटमध्ये कायमचं बांधून घेतलं. पुढच्याच वर्षी, १९ डिसेंबरला, गोवा गेला. सिमेंट पुरतं वाळलं तरी होतं का, कोण जाणे.

बेलेंचा बुरूज लांबूनच बघितला आणि परत फिरले.

काइश दु सोद्रेहून रुआ दु आर्सेनाल नावाच्या रस्त्याने चालत मोठ्या चौकाकडे जाता येतं. निम्म्या वाटेत नाकाला ओळखीचा वास आला आणि पाय आपोआप थांबले. सुकी मासळी! दुकानाच्या दारात बाकाल्यांव, म्हणजे खारवून सुकवलेला कॉड, फळ्यांसारखा थप्प्या लावून ठेवलेला. अख्खा मासा पोटातून उघडून पतंगासारखा चपटा केलेला, अंगावर मिठाची पांढरी साय, वाजवला तर पुठ्ठ्यासारखा वाजेल इतका कडक. पाचूबंदरला बांबूंवर बोंबील वाळत घालतात त्या वासाचा हा थोरला भाऊ. गंमत अशी की हा मासा पोर्तुगालच्या समुद्रातला नाहीच. तो येतो नॉर्वेकडच्या थंड पाण्यातून. शेकडो वर्षं दुसऱ्याच्या समुद्रातला मासा सुकवून आणायचा आणि त्यालाच आपला राष्ट्रीय पदार्थ म्हणायचं, हे मला फार आवडलं. एक आजी दुकानदाराला तुकडा वरखाली करून दाखवायला लावत होत्या, जाड भाग हवा, शेपटीकडचा नको. आमच्या आईसारख्याच.

पुढचा तो मोठा चौक, प्रासा दु कोमेर्सियू, भव्य आहे, पिवळा आहे आणि दुपारी तिथे सावली औषधालाही नाही. पाच मिनिटं पुरतात.

जेवायला रोसियू नावाच्या चौकाच्या मागच्या गल्लीतली एक टास्का शोधली. टास्का म्हणजे आपली खानावळ. सहा-सात टेबलं, त्यांवर कागद अंथरलेला, आणि दारात फळ्यावर खडूने लिहिलेले दिवसाचे पदार्थ. बसल्याबरोबर पाव, ऑलिव्ह आणि चीजची चकती आली. काय हा पाहुणचार, म्हणून मी ताव मारला. वाढणारे काका साठीचे, खांद्यावर फडकं. मोडक्या इंग्रजीत मी मासा विचारला. हो, विचारला! वीसेक वर्षांचा नियम त्या आर्सेनालच्या वासाने ढिला केला होता. काकांनी बोट हलवलं. आज सोमवार. रविवारी होड्या जात नाहीत, सोमवारी ताजा मासा मागू नये.

मी हसायलाच लागले. त्यांना काय कळणार. या गावातही सोमवारी मासळी नाही, फक्त शंकराऐवजी होडीवाल्यांची सुट्टी. मग काकांनीच तोडगा काढला. ताजा नाही, पण सुका आहे : बाकाल्यांव आ ब्राश.

बाकाल्यांव आधी एक-दोन दिवस पाणी बदलत भिजवतात तेव्हा कुठे खारटपणा उतरतो. मग त्याचे धागे काढायचे. कांदा तेलात मऊ करायचा, त्यात मासा, त्यात काडेपेटीतल्या काड्यांएवढ्या बारीक तळलेल्या बटाट्याच्या सळ्या, आणि शेवटी फेटलेली अंडी घालून ती पूर्ण घट्ट व्हायच्या आत उतरवायचं. वर काळे ऑलिव्ह आणि पार्सली. ताटात आलं तेव्हा बटाट्याच्या काही सळ्या अजून कुरकुरीत होत्या आणि काही अंड्यात मुरल्या होत्या. मसाला म्हणाल तर मिरपूड. मला वाटलं होतं, मिळमिळीत लागेल, पण माशाचा तो किंचित खारट चिवटपणा सगळं सांभाळून घेतो. अर्ध्यात फोन वाजला. आई. वसईत संध्याकाळचे सहा.

“जेवलीस का?”

“जेवतेय.”

“काय?”

“बटाटा.”

“नुसता बटाटा?”

“कांदा पण आहे.”

पलीकडे जरा शांतता. मग आई म्हणाली, “बरं.” तिच्या ‘बरं’चे जे दहा-बारा अर्थ आहेत, त्यातला हा कुठला, ते मला चांगलं कळलं.

काकांनी हिशेब टेबलावरच्या कागदावरच बॉलपेनने मांडला. त्यात पाव, ऑलिव्ह आणि चीज प्रत्येक ओळीत वेगळं. इथे न मागता समोर ठेवतात त्याला कुव्हेर म्हणतात. खाल्लं तर पैसे, हात लावला नाही तर नाही. पाहुणचार तीन युरोंना पडला. पलीकडच्या टेबलावरच्या माणसाने पाकीट काढत ‘पगार, पगार’ अशी हाक दिली तेव्हा मी वळून बघितलं. ‘पगार’ म्हणजे त्यांच्या भाषेत पैसे चुकते करणं. आपल्याकडे येतो तो पगार, त्यांच्याकडे जातो तो. पाव, बटाटा, साबण, चावी इकडून आले हे शाळेत पाठ केलं होतं, पण भर दुपारी खानावळीत कुणी पगार मागताना ऐकणं वेगळं.

पुढे रोसियूच्या जवळ सांव दोमिंगोसच्या चर्चमध्ये डोकावले. १९५९ साली आगीत जळलेलं. छप्पर नवं घातलं, पण करपून फुटलेले खांब तसेच ठेवलेत. दारातून बाहेर पडलं की समोर १८४०पासूनचं जिंजिन्याचं दुकान, एका माणसाच्या रुंदीचं. आंबट चेरीची लालभडक गोड दारू, घोटभर ग्लासात. ‘कोम एलास’ म्हटलं की तळाशी दोन चेरी टाकतात. उभ्या उभ्या प्यायची, बिया रस्त्यात टाकायच्या. पायाखालचा रस्ता त्याने चिकट झालेला असतो. खोकल्याच्या औषधाची आठवण झाली, पण चेरी छान होत्या.

कार्मोच्या चढावर मात्र पायांचे हाल झाले. लिस्बनच्या पायवाटा चुनखडीच्या काळ्या-पांढऱ्या चौकोनी खड्यांच्या. शतकभराच्या पावलांनी त्या आरशासारख्या गुळगुळीत झाल्यात, आणि मी चपला घालून. एका वळणावर एक कारागीर बुटक्या स्टुलावर बसून फूटपाथ दुरुस्त करत होता. डाव्या तळहातावर खडा, उजव्या हातात छोटी हातोडी. दोन टिचक्या मारायचा, खडा फिरवायचा, आणखी एक टिचकी, की खड्डा मोजला नसतानाही तो दगड बरोबर बसायचा. मी दहा मिनिटं बघत राहिले. त्याने एकदाही वर बघितलं नाही.

कार्मोचा मठ सोमवारी उघडा असतो, रविवारी बंद. १ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांच्या सणाची सकाळ. लोक चर्चमध्ये, मेणबत्त्या पेटलेल्या, आणि भूकंप झाला. मग समुद्राची लाट आली आणि कित्येक दिवस गाव जळत राहिलं. राजाचा मंत्री मार्केश द पोंबाल याने खालचं सगळं शहर सरळ रेषेत नव्याने बांधलं, भिंतींच्या आत लाकडाचे पिंजरे घालून, म्हणजे पुढचा हादरा बसला तर घर डोलेल पण पडणार नाही. कार्मोचं छप्पर मात्र परत चढलं नाही. तिकीट काढून आत गेले आणि दारातच थबकले.

हे मी बघितलेलं आहे. दोन्ही बाजूंना उंच खांब, वर दगडी कमानींच्या बरगड्या, आणि बरगड्यांमधून थेट आभाळ. खाली गवत. वसईच्या किल्ल्यात अशीच बिनछपराची चर्चं आहेत. लहानपणी आम्ही त्यांत लपाछपी खेळलोय. आमच्याकडे कमानींतून पिंपळ फुटलेत, रविवारी लग्नाआधीचे फोटो काढणाऱ्यांची जत्रा असते आणि तिकीट नाही. इथलं भूकंपाने पडलं, आमचं १७३९ला चिमाजी आप्पांनी वसई घेतल्यावर हळूहळू ओस पडत गेलं. घंटा तर आम्हीच नेल्या. नाशिकच्या नारोशंकराची मोठी घंटा वसईचीच. कार्मो कोसळलं तेव्हा वसई त्यांच्या हातून जाऊन सोळा वर्षं झाली होती. मागच्या खोल्यांमधल्या छोट्या संग्रहालयात पेरू देशातल्या दोन ममी आहेत. त्या घाईने बघितल्या आणि परत गवताशी येऊन बसले. तिथल्या रखवालदाराने कुठल्या, म्हणून विचारलं. इंडिया म्हटल्यावर तो खुलला, “गोआ?” मी म्हटलं, नाही, बासाईं. त्यांच्या कागदांत वसईचं हेच नाव आहे. त्याने भुवया आक्रसल्या, मान हलवली. ऐकलं नव्हतं त्याने कधी.

सातनंतर आल्फामात उतरले. हा भाग भूकंपातून बराचसा वाचला, म्हणून गल्ल्या अजून दोन हातांच्या. सेंट अँटनीचा जन्म लिस्बनचा, त्याचा सण १३ जूनला. आठवड्यावर आला होता, त्यामुळे गल्लोगल्ली रंगीत पताका, अगदी आपल्या गणपतीच्या आधी असतात तशा. पायऱ्यांवर एक बाई मांजेरिकूच्या कुंड्या विकत होती. मांजेरिकू म्हणजे बारीक पानांची तुळसच, चेंडूसारखी गोल कापलेली, वर कागदी फूल आणि काडीला चार ओळींची कविता. मी वाकून नाक लावायला गेले तर बाईने हातानेच अडवलं. नाक लावलं तर झाड सुकतं म्हणे. तळहात हलकेच पानांवरून फिरवायचा आणि मग हात हुंगायचा. हुंगला. लवंगेची किंचित झाक असलेला तुळशीचा वास. विमानात नेता येणार नाही म्हणून घेतली नाही, याची चुटपुट लागली.

दहा पावलांवर एका दाराबाहेर शेगडी पेटली होती आणि जाळीवर सार्डिन. आपली तारलीच, फक्त अंगाने धष्टपुष्ट. शेगडीवाल्या काकूंना मी विचारलं, सोमवारी ताजी कशी? त्या हसल्या आणि बर्फाचा खोका दाखवला. निदान खोटं बोलल्या नाहीत. जाड मिठात घोळवून भाजलेली अख्खी तारली, पावाच्या कापावर ठेवून दिली. ताटली नाही, काटा-चमचा नाही. हाताने सोडवून खायची, आणि तेल पिऊन ओला झालेला पावाचा तुकडा शेवटी. सव्वाआठ वाजले होते, ऊन अजून भिंतींवर होतं. एकदम डोक्यात हिशेब झाला : वसईत पाऊण वाजला. मंगळवार लागला!

फोटो काढून आईला पाठवला. खाली लिहिलं, “आता मंगळवार.” ती झोपली असेल, सकाळी बघेल, असं धरून चालले होते. पहिल्या तारलीचा काटा काढतेय तोवर उत्तर आलं.

“वार सूर्य उगवल्यावर बदलतो. काटे जपून काढ.”